जुनी स्पीडबोट आणि मुंबईचा पावसाळा: आधी ट्रान्सम बघा, मग इंजिन

जुनी बोट घेतली की जो तो आधी इंजिनचं झाकण उघडतो. मी पण तेच केलं. १९ फुटी फायबरची उघडी बोट, मागे तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या भिंतीवर बाहेरून टांगलेलं इंजिन), दोन्ही माझ्या लेकीपेक्षा वयाने मोठे. पहिला अख्खा सीझन सगळा पैसा आणि सगळे रविवार कार्बोरेटर, प्लग आणि कॉइलमध्ये गेले, इंजिन एका चावीत सुरू व्हायला लागलं, आणि मग एका संध्याकाळी कोळीवाड्यातल्या तांडेलकाकांनी इंजिन वर टिल्ट केलं, इंजिनचा पाण्यात जाणारा खालचा पाय हातात धरून नुसता खाली-वर दाबला आणि म्हणाले, "पोरा, इंजिन नवं केलंस, पण ते टांगलंय कशावर ते बघितलंस काय?" बघतो तर मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, चांगली बोटाच्या अर्ध्या जाडीएवढी हलत होती.

त्या दिवसापासून माझा क्रम उलटा झालाय आणि तोच इथे लिहितोय. जुन्या बोटीत जे जे बिघडतं ते जवळजवळ सगळं एकाच कारणाने बिघडतं, पाणी जिथे नको तिथे जातं. ट्रान्सममध्ये, पेट्रोलमध्ये, गिअर ऑइलमध्ये, वायरच्या आत. आणि जिथे पाणी यायलाच पाहिजे, म्हणजे इंजिनच्या कूलिंगमध्ये, तिथे ते येत नाही. एवढं डोक्यात ठेवलं की कुठल्या कामाला आधी हात घालायचा हे आपोआप कळतं.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे ती म्हणजे पाऊस. खाऱ्या पाण्याने लोखंड-अॅल्युमिनियम खाल्लं जातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण लाकूड कुजवणारी बुरशी खारटपणात तेवढी वाढत नाही, तिला गोडं पाणी लागतं. म्हणून बोटीच्या आतल्या प्लायवूडचा खरा शत्रू समुद्र नाही, जून ते सप्टेंबर उघड्यावर साचलेलं पावसाचं पाणी आहे. हिशोब करून बघा, १९-२० फुटी बोटीचं वरून दिसणारं क्षेत्रफळ साधारण १० चौरस मीटर धरलं तर १०० मिमी पाऊस म्हणजे १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी बोटीत. आणि १०० मिमी हा मुंबईत जुलैमधला एखादा नेहमीचा जोरदार दिवस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, त्या दिवशी उघड्यावर, पाणी काढायच्या भोकाला बूच लावून ठेवलेल्या बोटीचं काय होईल ते तुम्हीच बघा.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. बोट ट्रेलरवर किंवा स्लीपरवर घेतली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, चांगली वर उचलून ठेवा, मागचं बूच काढा, आणि ते बूच हरवू नये म्हणून स्टिअरिंगला दोरीने बांधा. ताडपत्री नुसती पसरू नका, मधोमध बांबूचा किंवा पाइपचा कणा उभा करून घराच्या कौलासारखा उतार द्या, नाहीतर ताडपत्रीत तळं होतं आणि एक दिवस ते फाटून सगळं आत येतं. दोन्ही टोकं मात्र उघडी ठेवा, वारा खेळायला पाहिजे, पूर्ण गुंडाळून बंद केलेली बोट आतून घामाने कुजते.

कुठलं काम कधी

गेटवे-मांडवा फेऱ्या मेअखेरीला बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत, मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे आपल्याला तसंही तीन महिने बोट बाहेर काढून ठेवायचीच असते. पण सगळी कामं पावसात होत नाहीत. फायबर आणि रेझिनचं काम ओल्या हवेत करू नका, रेझिन नीट पकडत नाही, वरचा थर चिकट राहतो आणि लाकडात ओल अडकते ती वेगळीच. फायबरचं काम मे महिन्यात पाऊस यायच्या आत उरकायचं, नाही जमलं तर सरळ ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. जून-जुलैत इंजिन, गिअर, वायरिंग, पंप, जे काही शेडमध्ये किंवा बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये बसून होतं ते. मी स्वतः एक वर्ष घाई करून १० जूनला ट्रान्सम बंद केला होता आणि पुढच्या मेमध्ये तो परत उघडावा लागला, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

ट्रान्सम वाजवून बघा

माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तेच. प्लॅस्टिकचा हातोडा किंवा स्क्रू ड्रायव्हरची मूठ घ्या आणि ट्रान्समवर इंच-इंच टकटक करत जा. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. भद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा. मग आतल्या बाजूने, खाली बुचाजवळ आणि इंजिनच्या बोल्टांच्या आसपास ३ मिमीचं ड्रिल मारून भुसा हातावर घ्या. कोरडा, फिकट, लाकडाचा वास असलेला भुसा आला तर देवाचे आभार माना, भोक इपॉक्सीने भरून टाका. काळपट, ओला, शेणासारखा लगदा आला तर ट्रान्सम गेला, आणि अशा बोटीवर इंजिन फुल थ्रॉटल करणं म्हणजे जिवाशी खेळ.

तीच टकटक फ्लोअरवर आणि खालच्या स्ट्रिंगरवर, म्हणजे फ्लोअर पेलणाऱ्या लांब पट्ट्यांवर पण करा. फ्लोअर पायाखाली गादीसारखा दबत असेल तर त्याच्या खालचा फोम बहुतेक पाणी पिऊन बसलाय. याची एक सोपी परीक्षा आहे जी फारसं कोणी करत नाही, बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या, ट्रेलरचं वजन वजा करा, इंजिन, बॅटरी, पेट्रोलचं वजन वजा करा आणि बोटीच्या कंपनीने दिलेल्या मूळ वजनाशी ताडून बघा. माझ्या बोटीत १४० किलो जास्त निघाले. मी दोन वर्षं स्पीड मिळत नाही म्हणून प्रोपेलर बदलत बसलो होतो.

आता ट्रान्सम बदलायचा कसा. थोडक्यात सांगण्यासारखं काम नाहीये हे, म्हणून जरा सावकाश. चेन-पुलीने इंजिन उतरवा, बोटीचा तळ नीट टेकवून घ्या म्हणजे आकार बिघडणार नाही. आतल्या बाजूने फायबरची कातडी ग्राइंडरने कापा, कडेला चारी बाजूंनी दोन-तीन इंच सोडून. बाहेरची कातडी तशीच राहू द्या, तोच आपला साचा. कुजलेला प्लाय पटाशीने खरवडून सगळा काढा, सगळा म्हणजे सगळा, "एवढा कोपरा बरा दिसतोय" म्हणून ठेवलेला कोपराच पुढे सडवतो. मग पंखा आणि बल्ब लावून निदान आठवडाभर वाळवा.

नवा प्लाय मरीन ग्रेडचाच, आयएस ७१० छापलेला, नुसतं "वॉटरप्रूफ आहे साहेब" ऐकून घेऊ नका, शिक्का बघा. बहुतेक आउटबोर्ड बोटींचा ट्रान्सम दीड इंची असतो, म्हणजे १८-१९ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून. आधी पुठ्ठ्याचा साचा काढा, मग प्लाय कापा, कोरडाच बसवून बघा, मग सगळ्या कडांना रेझिन पाजा कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. चिकटवताना जुन्या फायबरवर आणि प्लायवर दोन्हीकडे फिलर घातलेलं घट्ट रेझिन लावायचं आणि इंजिनच्या जुन्याच बोल्टच्या भोकांतून लांब बोल्ट टाकून आवळायचं, कडेने रेझिन बाहेर डोकावलं म्हणजे आत पोकळी नाही. त्यावर कोपऱ्यांना गोलाई भरून मॅट आणि रोव्हिंगचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोनेक इंच बाहेर. जुन्या फायबरची कड घासताना उतार लांब द्या, जाडीच्या बारा पट, म्हणजे ५ मिमी जाडी असेल तर ६० मिमीचा उतार. आखूड उतारावरचा जोड सोलून निघतो.

पॉलिस्टर की इपॉक्सी यावर वाद फार होतात. माझं मत, दुरुस्तीला इपॉक्सी, महाग पडतं पण जुन्या फायबरला धरतं. फक्त दोन गोष्टी. वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट चिकटत नाही, म्हणजे एकदा इपॉक्सी सुरू केलं की मधेच स्वस्तात यायचं नाही. आणि साध्या चॉप्ड मॅटमधला बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा गोंद, पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून इपॉक्सीबरोबर शिवलेलं कापड वापरा.

पॉलिस्टरच घेतलंत तर एक गोष्ट कृपा करून नीट वाचा. फायबरच्या दुकानात रेझिनबरोबर दोन छोट्या बाटल्या देतात, एक जांभळट कोबाल्ट आणि एक पाण्यासारखा कॅटलिस्ट. या दोन्ही एकमेकांत थेट कधीही, कधीही मिसळायच्या नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळा, वापरायच्या वेळी मगच कॅटलिस्ट. दोन बाटल्यांची मापं पण वेगळी ठेवा. कॅटलिस्ट डोळ्यात गेला तर डोळा जातो, गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडू नका आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा. मेच्या उन्हात १ टक्का कॅटलिस्टला पण रेझिन बघता बघता जेली होतं, म्हणून आधी एका कपात १०० ग्रॅम करून घड्याळ लावून बघा आणि काम सकाळी आठच्या आत सुरू करा. घासताना मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि घरी आल्यावर ते कपडे मशीनमध्ये घरच्या कपड्यांबरोबर टाकू नका, काचेची खाज आठवडाभर सगळ्यांना.

आणि ट्रान्सम कुजतो कशाने? बहुतेक वेळा कोणीतरी फिश फाइंडर किंवा शिडी लावायला भोक पाडून स्क्रू पिळलेला असतो आणि वर बाथरूमचं सिलिकॉन फासलेलं असतं. नवीन भोक पाडायचंच असेल तर पाहिजे त्यापेक्षा मोठं पाडा, इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळलं की त्या भरलेल्या भागातून परत पाहिजे त्या मापाचं पाडा. मग स्क्रू लाकडाला शिवतच नाही. पाण्याखाली पॉलियुरेथेन सीलंटच. बोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतात हवे तेवढे, पण डोक्यावर ए४ लिहिलेलं बघून घ्या, ते ३१६ ग्रेडचं स्टील, ए२ म्हणजे ३०४, ते आपल्या खाडीत लवकर गंजतं. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जाणार असेल तर मधे अँटी-सीझ किंवा निदान मरीन ग्रीस लावाच, नाहीतर पुढच्या वेळी डोकं हातात येईल आणि दांडा आत राहील.

तळ घासायचा असेल तर तिथी बघा

क्रेन किंवा ट्रेलर नसेल तर कोळी लोक करतात तसं भरतीला बोट वाळूवर आणायची, ओहोटीला उघडी पडली की काम करायचं. इथे आपलं पंचांग कुठल्याही अॅपइतकं कामाचं. तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. पण अष्टमीला भांगाचं पाणी, चढ-उतार कमी, बोट पुरती उघडी पडणारच नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पण तेव्हा भरती दुपारी बारालगत आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी, काम करायला उजेड कमी. सगळ्यात चांगली द्वादशी किंवा त्रयोदशी. नऊ-पावणेदहाला भरती, तीन-चारला ओहोटी, रात्री परत तरंगते. आणि मुख्य म्हणजे उधाण अजून चढतं असतं, पुढची भरती आधीच्यापेक्षा मोठी. उधाणाच्या शेंड्यावर बोट टेकवलीत तर पुढचं पाणी तिथपर्यंत पोचणारच नाही आणि बोट पंधरा दिवस तिथेच. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून छापील तक्त्यात रात्रीच्या भरतीची उंची बघूनच टेकवा. खाली घट्ट वाळू पाहिजे, चिखल नको, खडप तर नकोच. इंजिन पूर्ण वर.

बार्नेकल, म्हणजे तळाला चिकटलेले कवचवाले जीव, प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, लोखंडी खरवडणीने जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला चरे पडतात. खरवड खाली ताडपत्री टाकून गोळा करा, जुना अँटीफाउलिंग रंग (तळाला असे जीव चिकटू नयेत म्हणून लावतात तो) विषारी असतो, आपल्याच खाडीतलं कालव-खेकडं आपणच खातो. बोट पाण्यातच उभी राहत असेल तर अँटीफाउलिंग लावावाच लागतो, ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला गरज नाही. तांब्याचा रंग इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या पायाला लावू नका, तांबं अॅल्युमिनियम खातं. झिंकचे तुकडे, म्हणजे स्वतः झिजून इंजिनचा धातू वाचवणारे अॅनोड, अर्धे झिजले की बदला, त्यांच्यावर रंग मारू नका, आणि ते बसतात ती जागा घासून चकचकीत करा, वीज जाण्यासाठी धातूला धातू लागला पाहिजे.

इंजिन

आता इंजिन. टू-स्ट्रोक असो की फोर-स्ट्रोक, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, बघा. सगळे प्लग काढायचे, थ्रॉटल उघडा, गेज लावून प्रत्येक सिलिंडर फिरवायचा. आकडा किती यापेक्षा सगळे सारखे आहेत का हे महत्त्वाचं, १०-१५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर ठीक. एकच सिलिंडर पडला असेल तर बाकी कशावरही पैसे घालू नका, आधी तो उघडा. दोन शेजारचे सारखेच पडले असतील तर हेड गॅस्केट बघा.

मग पाण्याचा पंप. जुन्या आउटबोर्डचा जीव त्या रबरी इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकात असतो. पुस्तकात वर्षाला किंवा १०० तासांनी बदला म्हणतात, आपल्या हार्बरमधल्या गाळाच्या पाण्यात मी दर पावसाळ्यात बदलतो, चांगला दिसला तरी. खालचा पाय चार-पाच बोल्ट काढून, गिअरची दांडी सोडवून खाली उतरतो, त्यात वर पंपाचं घर. पाती एका बाजूला वाकलेली राहिली असतील, कडक झाली असतील तर गेली. पात्याचा तुकडा तुटलेला असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय इंजिन परत जोडू नका, तो वरच्या पाइपात किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकलेला असतो आणि नवा इम्पेलर घालून पण गरम होतच राहतं. बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा, शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवत घर खाली दाबा, उलटं फिरवू नका. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघा, मिठाने अडकलेले फार निघतात.

मांडव्याहून येताना एकदा मागची पिचकारी, म्हणजे इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार, बंद झाली आणि अलार्म वाजला. मी नशिबाने लगेच बंद केलं. पायाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, पाणी ओढायच्या जाळीवर घट्ट बसलेली. हे आपल्याकडे दर सीझनला होणार, त्यामुळे पिचकारीकडे सतत लक्ष, आणि अलार्म वाजतो की नाही हे जमिनीवर सेन्सरची वायर बॉडीला टेकवून तपासून ठेवा, बऱ्याच जुन्या इंजिनांत तो बझरच मेलेला असतो.

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं फ्लश. सोसायटीच्या नळाला प्रेशर नसतो, तेव्हा २०० लिटरचं पिंप घ्या, पाय त्यात बुडवा, पाणी पंपाच्या वरपर्यंत पाहिजे, प्रोपेलर काढून न्यूट्रलमध्ये आयडलवर चालवा. सुकं इंजिन "दोनच सेकंद" म्हणून सुद्धा चालू करायचं नाही.

गिअर ऑइल खालचा स्क्रू सोडून काढा. चहासारखं दुधट आलं तर पाणी शिरलंय. प्रोपेलर काढून शाफ्टच्या मुळाशी बघा, नायलॉनच्या जाळ्याचा दोरा गुंडाळून सील कापलेलं असतं, आपल्या पाण्यात हे कारण सगळ्यात जास्त. नवीन ऑइल खालच्याच भोकातून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा मग खालचा, म्हणजे हवा राहत नाही. स्क्रूच्या वॉशर दर वेळी नव्या.

पेट्रोलचं मात्र गंभीरपणे घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनी आउटबोर्ड इंजिनं फार तर १० टक्क्यांसाठी बनलेली. इथेनॉल जुने रबरी पाइप मऊ करतं, आणि हवेतली ओल ओढून घेतं, प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसतं, जिथून इंजिन पेट्रोल ओढतं. टू-स्ट्रोकमध्ये तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, म्हणजे इंजिनला तेलाशिवाय पाणी मिळतं, पिस्टन धरलाच. उपाय साधे आहेत, टाकीपासून इंजिनपर्यंत सगळे पाइप आणि हाताने दाबायचा रबरी बल्ब इथेनॉलला चालणारे नवे टाका, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा, कार्बोरेटरची गॅस्केट-डायफ्रॅम नवीन, लागेल तेवढंच ताजं पेट्रोल घ्या, आणि मेच्या शेवटच्या फेरीत टाकी जवळजवळ रिकामी होईल असं नियोजन करा. पावसाळाभर भरलेली टाकी ठेवू नका. शेवटच्या दिवशी पिंपात चालू असताना पेट्रोलचा पाइप काढा, कार्बोरेटर रिकामा होत येईल तसा वरून फॉगिंग ऑइलचा (आतले भाग गंजू नयेत म्हणून मारायच्या तेलाचा) स्प्रे मारा, इंजिन उभंच ठेवा म्हणजे आतलं पाणी गळून जातं. आणि टू-स्ट्रोकचं तेल टीसी-डब्ल्यू३ च, स्कूटरचं टू-टी तेल नाही, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची गरज वेगळी.

ज्यांच्या बोटीत पेट्रोल इंजिन आत, डेकखाली आहे त्यांना हात जोडून विनंती, स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर गाडीचा बसवू नका, दिसायला हुबेहूब असला आणि चौथाई किमतीत मिळाला तरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला साचते, मरीन पार्टची ठिणगी आत बंद राहते, गाडीच्या पार्टची बाहेर येते. ब्लोअर चार मिनिटं चालवल्याशिवाय आणि नाकाने वास घेतल्याशिवाय चावी फिरवू नका.

वायरिंग

लोहार चाळीत घरगुती वायर घेऊन बोट वायर केलेली मी कितीतरी बघितलीय. वरून लाल-काळी छान दिसते, सोलली की आत तांबं काळं पडलेलं फूटभर. कथिलाचा मुलामा दिलेली टिन्ड कॉपर वायर मागा, जोड पिळून टेप लावून नाही तर चांगल्या क्रिंपरने दाबून, वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक वायरला बॅटरीजवळच, वीतभर अंतरात फ्यूज. बिल्ज पंपाची, म्हणजे तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपाची लाइन मेन स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजमधून, म्हणजे मेन बंद करून तुम्ही घरी गेलात तरी फ्लोट वर आला की पंप चालेल. दर महिन्याला बादलीभर पाणी ओतून तो खरंच चालतो का बघा.

स्टार्टर ओढत नसेल तर लगेच बॅटरी बदलू नका. मल्टिमीटर लावा, काही तास स्वस्थ पडलेली बॅटरी १२.६ व्होल्टला भरलेली, १२.२ ला अर्धी. मग कोणाला तरी चावी फिरवायला सांगून बॅटरीच्या खांबावर एक टोक आणि त्याच केबलच्या दुसऱ्या टोकावर एक टोक, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर ती केबल किंवा तिचा जोड चोर आहे. निगेटिव्हची केबल पण अशीच तपासा, लोक ती विसरतात.

स्टिअरिंगची केबल जड झाली असेल तर ग्रीस मारून एक-दोन सीझन ढकलू नका, बदला. समुद्रात तुटली तर बोट गोल फिरते आणि माणूस बाहेर फेकला जातो.

अपग्रेडचा मोह

फोर-स्ट्रोक घ्यावं का हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पेट्रोल कमी, धूर नाही, आवाज नाही, मान्य. पण त्याच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक बहुतेक वेळा जड असतं, कधी कधी तीस-चाळीस किलोनेही, आणि ते सगळं वजन अगदी मागे लटकतं. जुन्या बोटी हलक्या टू-स्ट्रोकसाठी काढलेल्या असतात, मागचा डेक पाण्याजवळ जातो, पाणी काढायच्या भोकांतून उलटं आत येतं. घ्यायच्या आधी तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ट्रान्समपाशी ठेवून उभ्या पाण्यात बघा. ट्रान्समची उंची मोजा, २० इंच की २५, त्याप्रमाणे शाफ्ट. कॉम्प्रेशन चांगलं असलेलं टू-स्ट्रोक असेल तर मी म्हणेन ठेवा, पैसा पंप, वायरिंग, लाइफ जॅकेट आणि व्हीएचएफवर (समुद्रातल्या बिनतारी संचावर) घाला. इंजिन बदललंच तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या रजिस्ट्रेशनवर नवा नंबर चढवून घ्या, इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी पहिलं तेच बघतात.

प्रोपेलर मात्र खरंच स्वस्तातलं अपग्रेड आहे. फुल थ्रॉटलला इंजिन पुस्तकातल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल तर पिच, म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते माप, कमी करा, एक इंच पिचला साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक. पण आधी तळ साफ करून मग मोजा.

पहिली ट्रायल

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की कोळी होड्या काढतात, आपण आणखी थोडं थांबावं, सप्टेंबरमध्ये वारा उतरू दे. ट्रायल हार्बरच्या वर्दळीत कधीच करू नका. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट इंजिनच्या ट्रायलवर असताना ताबा सुटून घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल या प्रवासी फेरीबोटीवर आदळली, किती घरं त्या दुपारी उजाड झाली. नवीन जोडलेलं इंजिन, नवीन केबल, नवीन स्टिअरिंग काय करेल सांगता येत नाही, म्हणून मोकळं पाणी, चढती भरती, दुसरी बोट नजरेत, सगळ्यांच्या अंगात जॅकेट, आणि किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. नांगर दोरीसकट मोकळा ठेवा, खोलीच्या निदान पाचपट दोरी, इंजिन बंद पडलं तर आधी नांगर टाका मग झाकण उघडा. फोनमध्ये कोस्ट गार्डचा १५५४ सेव्ह करा, व्हीएचएफ असेल तर चॅनल १६.

पहिली दहा मिनिटं आयडल आणि हळू, पिचकारीवर हात धरून बघा, कोमट लागली पाहिजे, चटका नाही. मग अर्धं थ्रॉटल, मागे वळून ट्रान्समकडे बघा, मग दोन मिनिटं फुल, आरपीएम वहीत लिहा. परत आल्यावर बोट चढावर ओढून बूच काढा आणि खाली बादली धरा. किती पाणी आलं ते मोजून तारखेसकट वहीत लिहा, चव पण घेऊन बघा, खारट असेल तर तळातून किंवा एखाद्या फिटिंगमधून येतंय, गोडं असेल तर पावसाचं जुनं कुठेतरी फोममध्ये अजून साचलेलं आहे. पुढच्या चार फेऱ्यांत तो आकडा वाढतोय की कमी होतोय ते बघायचं आणि त्याप्रमाणे पुढच्या रविवारी कुठला पॅनल उघडायचा ते ठरवायचं.